लीलानाथांच्या लेकीला दिलेले घर

लिहून ठेवते मी, नैनकला रेग्मी, वय वर्षे शहात्तर, कै. दधिराम रेग्मी यांची विधवा, राहणार साल्घारी, जिल्हा पाल्पा, नेपाळ, की आज माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तानसेन गावच्या डॉक्टरांनी तसे तपासून लेखी दिले असून तो कागद सोबत जोडला आहे. माझे दीर लीलानाथ यांचे मत वेगळे आहे. परंतु माझ्या बुद्धीविषयी ते गेली साठ वर्षे तक्रार करीत आले आहेत, तेव्हा दुखणे नवे नव्हे. हा लेख मी कोणाच्या धाकाने किंवा आग्रहाने करीत नाही. आग्रह झाला तो एवढाच, की करू नये.

कलम १. वरच्या अंगाची भाताची खाचरे मला नवऱ्याच्या वाट्याची म्हणून मिळाली. कायद्याने ती माझ्यामागे लीलानाथांच्या दोन मुलांकडे जातात. जाऊ देत. दोघेही मी जिवंत असतानाच दर वर्षी बांध एकेक हात आत सरकवीत आले आहेत, म्हणजे त्यांना तसे फारसे नवीन मिळायचे उरलेले नाही. बांधावरच्या लप्सीच्या झाडाला मात्र कुंपण घालू नये. लोणच्यासाठी खालच्या वाडीच्या बायका त्याची आंबट फळे नेतात आणि पुढेही नेतील.

कलम २. माझ्या पेटीत तळाशी, पिवळ्या फडक्यात, एक जुना कागद आहे. तो मी लीलानाथांना देते. का, ते लिहिणे भाग आहे.

लग्न झाले तेव्हा मी नऊ वर्षांची होते, नवरा गेला तेव्हा बाराची. त्याचा चेहरा मला आठवत नाही, खोकला आठवतो. लीलानाथ माझ्याहून तीन वर्षांनी लहान. गुरुजी त्यांना पडवीत अक्षरे शिकवीत आणि मी पलीकडे ढेंकीवर भात कांडीत असे. ते मोठ्याने म्हणत, मी खाली सांडलेल्या कोंड्यात बोटाने गिरवी. एके दिवशी ते हळूच आत आले.

“वहिनी, ज्ञ कसा काढतात गं? गुरुजी मारतील.”

मी कोंड्यात काढून दाखवला. ते शिकले, मारातून सुटले, आणि संध्याकाळी आईला सांगून मोकळे झाले.

सासूबाई म्हणाल्या, “वाचणाऱ्या बाईचा नवरा मरतो.”

मी म्हटले, “माझा आधीच मेलाय.”

त्याबद्दल दोन दिवस माझे जेवण बंद झाले. पण उत्तर बरोबर होते, हे मी आजही म्हणते.

पुढे काठमांडूहून चरखा शिकवायला दानकुमारी नावाच्या बाई आल्या. सुताच्या गुंड्यांखाली त्या पाठ्यपुस्तके लपवून आणीत. त्यांच्यापाशी मी सूत कमी आणि व्याकरण जास्त शिकले. विक्रम संवत २००५ साली मी म्हशीच्या गोठ्यात मुलींची शाळा काढली. सात मुली होत्या; म्हैस धरून आठ. म्हशीची हजेरी सर्वांत चांगली.

त्या वेळी लीलानाथ गावाचे मुखिया झाले होते. या बाईला कोणी पाणी देऊ नये, चुलीचा विस्तव देऊ नये, असा ठराव त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून माझ्या दाराशी पाठवला. आठ ओळींत शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या आणि ‘विधवा’ हा शब्दच चुकलेला होता. मी लाल शाईने दुरुस्त करून, खाली ‘पुन्हा लिहून आणावे’ असा शेरा मारून कागद परत धाडला. त्यांनी तो रागाने माझ्या अंगणात भिरकावला. तोच हा कागद. पाणी मला पाच महिने ओढ्यावरून आणावे लागले. सातांपैकी चार मुली मात्र येतच राहिल्या, आणि येताना प्रत्येकीच्या पदराखाली एकेक निखाऱ्याचे मडके असे.

कलम ३. माझा हातमाग, ढाका कापडाचे नमुने आणि सर्व धोटे बुटवलच्या भद्राला द्यावेत. माग तिच्याकडे पोचवण्याचा खर्च तिचा नवरा ऋषिराम याने करावा. त्याला लग्नात काहीच खर्च आला नव्हता.

हे लग्न संवत २०१५ च्या वैशाखात, भर दुपारी, आमच्या शाळेत झाले. भद्रा पलीकडच्या गावची, पंधरा वर्षांची विधवा. सासरच्यांनी तिला गोठ्यात ठेवले होते, तिथून ती चालत माझ्याकडे आली आणि चार महिने राहिली. ऋषिराम आमचा गणिताचा मास्तर. त्या चार महिन्यांत त्याचे गणित वरचेवर चुकू लागले, तेव्हा मी दोघांना समोर बसवून विचारले. दोघेही खाली मान घालून हो म्हणाले.

बुटवलहून एक भटजी मिळाला. तो म्हणाला, “मंत्र मी म्हणीन. पण मुलीच्या बापाच्या जागी कोणीतरी बसायला हवं.” भद्राच्या बापाने आपले दार लावून घेतले होते. आम्ही खोळंबलो असतानाच सासरची पंधरावीस माणसे काठ्या घेऊन वर चढली. पुढे मुखिया म्हणून लीलानाथ. त्यांच्याही हातात काठी होती.

भद्राचा सासरा म्हणाला, “मुखिया, ही आमच्या घरची अब्रू आहे. तिला हाताला धरून बाहेर काढा.”

लीलानाथ भद्राकडे बघत राहिले. काय दिसत होते त्यांना, ते मला ठाऊक होते. तीन आठवड्यांपूर्वीच त्यांची थोरली लेक गौरी, सतरा वर्षांची, बांगड्या फोडून आणि पांढरे नेसून माहेरी आली होती. त्यांनी काठी भिंतीला टेकवली.

“वहिनी, पाट कुठंय?”

“कशाला हो भावजी?”

“गुडघे दुखतात. जरा बसतो.”

आणि ते बापाच्या जागी बसले. तांब्या पुढे ओढला, भद्राचे पाय धुतले आणि आमच्याकडच्या कन्यादानाच्या रिवाजाप्रमाणे ते पाणी तीर्थ म्हणून घेतले. मुखियाने जिचे पाय धुतले तिच्यावर काठी कोण उचलणार? काही वेळाने एकेक जण उतरून गेला. पुढे वर्षभर लीलानाथांच्या घरचे पाणी भाऊबंदांपैकी कोणी प्याले नाही. मी जाऊन पीत असे, रोज, तहान असो वा नसो.

गुडघे दुखत होते, असे ते अजूनही सांगतात. बसण्यासारखी दुसरी जागा अंगणात नव्हती, असेही सांगतात. अंगण बरेच मोठे आहे.

कलम ४. राहते घर, त्याखालची जमीन, परसातली नासपतीची झाडे आणि भांडीकुंडी हे सर्व मी मागावरच्या आणि शिकवण्याच्या कमाईतून उभे केले. वाडवडिलांचा त्यात एक दगडही नाही. हे सर्व मी लीलानाथांची मुलगी गौरी हिला देते.

कारण असे, की भद्राच्या लग्नासाठी मी माझ्या दिरांचे पुष्कळ माफ केले; एक गोष्ट मात्र माफ केली नाही. त्याच आषाढात मी त्यांना विचारले होते, “भावजी, आता गौरीचं काय?”

ते म्हणाले, “वहिनी, परक्याच्या मुलीचं करता येतं. आपल्या घरात आई असते, बायको असते, भाऊबंद असतात.”

त्यानंतर हा विषय आमच्यात कधी निघाला नाही. गौरी माझ्याकडे शिकवायला आली. अडतीस वर्षे तिने पहिलीचा वर्ग सांभाळला. या डोंगरावरच्या निम्म्या बायकांकडून तिने हात धरून अक्षरे गिरवून घेतली आहेत. सासरचा वाटा तिच्या दिरांनी गिळला. माहेरी वाटा नाही, कारण लग्न झालेल्या मुलीला तो मिळत नाही, आणि तिचे लग्न, ऐका, झालेले आहे. दहा महिने ती नांदली होती. काठमांडूत मुलींच्या हक्काचे विधेयक निघाले आहे म्हणतात. तिथल्या मंडळींनी सावकाश चर्चा करावी. मला तेवढा वेळ नाही.

तिचे भाऊ हरकत घेतील. त्यांनी दावा लावण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे, की दोघांनाही पहिलीत गौरीनेच शिकवले आहे आणि दाव्याचा कागद तीच तपासेल.

कलम ५. शाळेच्या आवारात माझा पुतळा उभारण्याचे कमिटीने ठरवले आहे असे ऐकते. उभारू नये. माझे नाक बसके आहे. शिल्पकार ते सरळ करील आणि मी कोणालाच ओळखू येणार नाही. त्या पैशातून मुलींसाठी दोन संडास बांधावेत, दाराला आतून कडी असलेले. मुली आठवीनंतर शाळा का सोडतात यावर कमिटीने तीन सभा घेतल्या. एखाद्या मुलीला विचारले असते तर अर्ध्या मिनिटात काम झाले असते.

कलम ६. मला अग्नी गौरीने द्यावा. भटजी कुरकुर करतील, त्यांना चहा द्यावा. मला लाल नेसवू नये. विधवांनी लाल नेसावे म्हणून मी चाळीस वर्षे भांडले, म्हणून वर्तमानपत्राच्या फोटोसाठी कोणाला तसे सुचेल. पण मला लाल रंग कधीच आवडला नाही. ज्यांना आवडतो त्यांच्यासाठी भांडले. माझी निळ्या काठाची करडी साडी पेटीत धुऊन ठेवली आहे.

पुरवणी. हा लेख आज सकाळी मी लीलानाथ आणि भद्रा या साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. कलम ४ वाचताना लीलानाथ उठून जातील असे मला वाटले होते. ते गेले नाहीत. गौरी चहा घेऊन आली होती, ती दारातच उभी राहिली. माझे वाचून झाले. मग लीलानाथांनी तिच्याकडे वळून विचारले, आणि ते जसे बोलले तसे मी इथे लिहीत आहे, कारण एकोणचाळीस वर्षांत त्यांनी तिला हे प्रथमच विचारले.

“गौरी, तेव्हा तुला लग्न करायचं होतं का गं?”

“हो, बाबा.”

“कोणाशी, हे पण ठरलं होतं?”

“ठरलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

गौरीने पेला त्यांच्यापुढे ठेवला. “तुम्ही विचाराल म्हणून थांबले होते,” ती म्हणाली. “घ्या, चहा गार होतोय. आणि सही करा.”

तिने कागद दोन्ही बाजूंनी धरला. त्यांनी सही केली.

कायद्याला सहीखाली दोन्ही अंगठेही लागतात. बायकांना अंगठ्यावरून सहीवर आणण्यात माझा जन्म गेला, तरी कायद्याचा मान म्हणून उठवले आहेत.

लिहून देणार: नैनकला रेग्मी (सही व अंगठे)

साक्षीदार: १. लीलानाथ रेग्मी, वय ७३, साल्घारी (सही)
२. भद्रा अर्याल, वय ५४, मुक्काम बुटवल (सही)

मुक्काम साल्घारी, संवत २०५४, फागुन ९ गते, रोज शनिवार.