दाराशी बसतं त्याचा वाटा

मी, खाली सही करणारी अज्वा कोनामा, वय वर्षे एक्याऐंशी (चर्चच्या वहीत अठ्ठ्याहत्तर आहे, वही चुकीची आहे), धंदा कापडविक्री, राहणार म्प्राएसो, क्वाहूचा डोंगर, माझे डोके ठिकाणावर असताना, कोणी दरडावलेले नसताना व पोटात दारूचा थेंब नसताना, माझ्या पश्चात काय कोणाचे ते स्वहस्ते लिहून ठेवते. यापूर्वी रागाच्या किंवा लोभाच्या भरात तोंडी जे काही देऊन बसले असेन, ते सर्व रद्द समजावे.

वरच्या ओळी कोर्टातले निवृत्त कारकून ओसाफो यांनी सांगितल्या, मी लिहिल्या. ते समोर बसलेत. इथून पुढं मी चार इयत्ता शिकले तेवढ्यात भागवणार. "बाई, मृत्युपत्रात शिव्या घालत नाहीत," असं ते आत्ताच म्हणाले. मी म्हटलं, "कारकून, भाच्याचं नाव लिहायचंय. शिवी आपोआप पडते."

कलम एक. घर. तीन खोल्या, ओसरी, पत्र्याचं छप्पर आणि मागचं अंगण. हे घर मी कापड विकून बांधलं. नवऱ्यानं त्यात फक्त सल्ले घातले, ते अजून भिंतीतून ओल आल्यासारखे येतात. घर माझी नात बिरागो हिला. माझ्या बहिणीचा मुलगा क्वाबेना डार्को याला यातली वीटही मिळू नये. मला ताप होता तेव्हा तो औषध घेऊन आला आणि अंगण पावलांनी मोजून गेला. मी डोळे मिटले होते, कान नव्हते मिटले. त्याला मोजायची एवढी हौस आहे, तर माझा कापड मोजायचा लोखंडी गज त्याला द्यावा. बाकी काही नाही.

कलम दोन. पेटीत एक्केचाळीस कापडं आहेत. निम्मी माझी मुलगी ओफोरीवा हिला. ती बिरागोला माझ्या ओसरीत सोडून परक्या म्हाताऱ्यांची सेवा करायला हॅम्बुर्गला गेली. इथं एक म्हातारी फुकट होती, ती दिसली नाही. तरी पोर माझ्या वाट्याला आली, म्हणून राग अर्धाच आहे आणि कापडंही अर्धीच. उरलेली बिरागोची. त्यातलं "खरे मणी वाजत नाहीत" या म्हणीच्या नावाचं कापड तेवढं शेजारीण एकुआ फ्रेमा हिला. केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे गोळे, विकता विकता ती गावभर वाजत असते. अंगावर घालून तरी गुण लागतो का बघावं.

कलम तीन. मला बर्फात ठेवू नये. लोक येणार, तंबू मिळणार, हॅम्बुर्गचं तिकीट स्वस्त होणार, म्हणून मेलेल्या माणसाला तीन-तीन महिने माशासारखं गोठवतात, ते मला नको. येईल त्या शनिवारी पुरावं. मरणाची खबर म्हणून भिंतीवर चिकटवायच्या कागदावर माझा तरुणपणचा फोटो छापू नये. त्या बाईला आता कोणी ओळखत नाही, मीसुद्धा नाही.

कलम चार. हे लांबणार आहे. कारकून, पाणी प्या.

बिरागो अकरा वर्षं विद्यापीठात आहे. पहिल्यांदा राजधानीला, अक्राला गेली तेव्हा बाजारातल्या बायकांनी विचारलं, "वकील होणार?" नाही. "मग डॉक्टर?" नाही. मी म्हटलं, तत्त्वज्ञान. "ते विकतात कुठं?" फ्रेमानं विचारलं. मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "घाऊक बाजारात."

पहिल्या सुट्टीत पोर घरी आली आणि म्हणाली, "आजी, तू खोलीबाहेर गेलीस की आत टेबल असतं कशावरून?"

"परत आले की त्यावर धूळ असते. आणि ती तू पुसलेली नसतेस."

ती हसली आणि वहीत लिहून घेतलं. अशी चार वर्षं गेली. त्यापुढची दोन वर्षं "माणूस कशाला म्हणावं" या एकाच प्रश्नात घातली. मी तिला गावातली चार माणसं दाखवली, आणि माणसांत धरू नये असे दोघे दाखवले. तेही तिनं लिहून घेतलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं की या पोरीपुढं थट्टासुद्धा जपून करावी.

मग पाच वर्षांची मोठी पदवी. तिच्या प्रोफेसरनं सांगितलं, गावोगावच्या जाणत्या म्हाताऱ्यांकडं जा, माणूस मेल्यावर त्याचं काय काय कुठं जातं ते विचार, आवाज भरून आण. ती सव्वीस म्हाताऱ्यांकडं जिनची एकेक बाटली घेऊन गेली. सव्वीसांनी बाटली संपवून एकच सांगितलं: जीव देवाचा, तो देवाकडं, रक्त आईचं, ते कुळाकडं, आणि स्वप्नात हिंडतं ते तिसरं वाऱ्यावर. प्रोफेसर म्हणाला, "हे छापून झालंय. न छापलेलं आण, नाहीतर विषय बदल."

ती घरी आली. रडत नव्हती. प्लँटेन सोलत होती, आणि साल पातेल्यात टाकून केळं उकिरड्यावर फेकत होती. ते मला बघवलं नाही. मी तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "एक चौथंही आहे. माझ्या आजीनं सांगितलं होतं."

माझ्या आजीनं काहीही सांगितलं नव्हतं. ती बहिरी होती आणि तंबाखू ओढायची. मी तिथल्या तिथं रचलं. म्हटलं, माणूस एखादा प्रश्न तसाच टाकून मेला, तर तो प्रश्न त्याच्याबरोबर जात नाही. तो मागं राहतो आणि दाराशी बसतो. ते भूत नव्हे, त्याला मेलेल्याचा चेहरा नसतो. त्याला म्हणतात बसणारं.

बिरागोच्या हातातली सुरी थांबली. "आजी, हे परत म्हण," ती म्हणाली आणि यंत्र चालू केलं. मी परत म्हटलं. दुसऱ्यांदा जास्त चांगलं जमलं.

त्यावर तिनं तीन प्रकरणं लिहिली. एक परदेशात छापून आलं. कुठल्याशा थंड देशातल्या बाईनं तिला पत्र लिहिलं की हे वाचून मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. मी मनात म्हटलं, बाजारात यापेक्षा वाईट माल खपलेला पाहिलाय.

आता जे लिहिते ते ओसाफोंनी आणि फ्रेमानंही पाहिलंय.

आमच्यात उठल्यावर स्टूल आडवं करून ठेवतात. उभं रिकामं स्टूल म्हणजे वाटेनं जाणाऱ्याला आमंत्रण, आणि वाटेनं सगळे जिवंतच जातात असं नाही. मी हे जन्मभर पाळलं. गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, भर बारा वाजता, मी अंगणातून आत आले तर दाराजवळचं बुटकं स्टूल उभं होतं, तोंड घराच्या आत. मी आडवं केलं. मीठ आणायला वळले. परत उभं. फ्रेमा कुंपणापाशी आली आणि म्हणाली, "अगं, पाहुणं आलंय तर सांगायचंस. मी नमस्कार केला तर बोललं नाही."

"कोण?"

"मला काय माहीत? तुझ्या दाराशी तुझं पाहुणं."

त्या ईस्टरला बिरागो आली आणि मला प्रकरण वाचून दाखवलं. त्यात होतं: बसणारं रस्त्याकडं पाठ आणि घराकडं तोंड करून बसतं.

"हे मी कधी सांगितलं?"

"सांगितलं नाहीस, आजी. पण प्रश्न जिवंतांना असतो, तेव्हा त्याचं तोंड जिवंतांकडंच हवं. तुझ्या बोलण्यातून ते निघतंच."

"कधी लिहिलंस?"

तिनं वहीत पाहिलं. फेब्रुवारी. मंगळवार.

पुढं तिनं लिहिलं की ते बोलत नाही, फक्त ऐकतं, म्हणून त्याच्याभोवती आवाज कमी होत जातो. हेही माझ्या बोलण्यातून निघालं म्हणे. त्या आठवड्यापासून दाराजवळ रेडिओ नेला की बातम्या देणारा नुसते ओठ हलवत असल्यासारखा वाटतो. फ्रेमाची केंकेची हाळी माझ्या दारासमोर तुटते आणि पुढच्या घराशी परत सुरू होते. फ्रेमाचा आवाज बंद पडला हे एरवी मी देवाचं देणं मानलं असतं.

गेल्या महिन्यात माझी तांबडी कोंबडी त्या स्टुलावर चढून बसली. मी उचलली तेव्हा ती गार होती, मान ताठ, डोळे उघडे, एका बाजूला कान दिल्यासारखी. तिचं कालवण केलं नाही. पुरली.

मग शनिवारी बिरागोचा फोन आला. प्रोफेसर म्हणालाय, सगळं झालं, शेवटचं एक राहिलंय: या बसणाऱ्याला हवं काय? ते लिहिल्याशिवाय पदवी नाही.

"आजी, मी विचार केलाय. दोनच वाटा निघतात. ते शेवटी एकतर सांगणाऱ्याकडं जातं, नाहीतर विचारणाऱ्याकडं. मला दुसरी जास्त पटते. उत्तर विचारणाऱ्यानंच शोधायचं असतं ना?"

"विचारणारं कोण?"

"इथं? मीच की," म्हणाली आणि हसली.

"आणि ते तुझ्याकडं आलं की तुझं काय होतं?"

"ते पुढच्या परिच्छेदात ठरेल, आजी. महिनाअखेरीला घरी येऊन तुझ्याजवळ बसून लिहिते. आणि हो, गंमत ऐक, माझी मैत्रीण विचारत होती, खोलीच्या दारात खुर्ची कशाला ठेवलीस. मी ठेवलीच नव्हती. झाडणाऱ्या बाईनं सरकवली असेल."

तेव्हा मी तिला खरं सांगितलं. म्हटलं, पोरी, ते मी रचलं होतं. तू केळी फेकत होतीस म्हणून. एक शब्द खरा नव्हता.

बिरागो म्हणाली, "जाणती माणसं गुपित उघडं पडलं की असंच म्हणतात, आजी. त्यावर माझी एक तळटीप आहे."

अकरा वर्षं शिकवून मी असं माणूस तयार केलं, ज्याला खरं सांगायची सोय राहिली नाही.

शनिवारपासून मी विचार करतेय. तिच्या पुस्तकात माझं बोलणं जातं ते यंत्रातून, आणि मग त्यातून ती काय काय काढते. मरणाऱ्याचं बोलणं मात्र आमच्यात कोणी खोडत नाही, त्यातून काही काढतही नाही. ते जसंच्या तसं ठेवतात. हे तिनंच एका प्रकरणात लिहिलंय. म्हणून हे मृत्युपत्र. घर आणि कापडं ओसाफोंच्या समाधानासाठी आहेत.

तेव्हा कलम पाच, आणि हे सर्वांत वर धरावं.

दाराशी बसतं ते बिरागोला मिळू नये. तिच्या मुलांनाही नाही, आणि डार्कोलाही नाही, इतकी मी वाईट नाही. ते मी निर्माण केलं, ते माझी मिळकत आहे, आणि ते मी माझ्याबरोबर नेते. आज बारा वाजता, या कागदावर सही झाल्यावर, मी जाऊन त्याच्या जागी बसणार आहे. ओसाफो म्हणतात, थांबा, पोरीला येऊ द्या. पोरीला येऊ दिलं तर ती मला बसू देणार नाही, आणि स्वतः ते वाक्य लिहील. ती माझ्यासारखीच हट्टी आहे, फक्त जास्त शिकलेली.

बिरागो, तू शेवटच्या प्रकरणात एवढंच लिहायचं: ते सांगणारीकडं गेलं. ती त्याला घेऊन गेली. नंतर ते कोणाला दिसलं नाही. यात खोटं काही नाही, तू हे वाचशील तोवर झालेलं असेल. तळटीपेत टाकू नकोस, वर लिही. आणि यातून पुढं काही काढू नकोस. एक ओळही नाही. पूर्णविराम दे आणि वही मीट.

मूळ गोष्ट मी रचली होती, हे तुझ्या परीक्षकांना सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव. सांगितलंस तर पदवी जाईल, नाही सांगितलंस तर झोप. मला विचारू नकोस. प्रश्न टाकून मरायचं नाही असं मी ठरवलंय, आणि दुसऱ्याचा प्रश्न अंगावर घेऊनही नाही.

मला भीती वाटते का असं ओसाफो विचारतात. गुडघे दुखतात, एवढंच लिहिते म्हटलं.

ते बुटकं स्टूल जाळू नये, धूर कुठं जाईल सांगता येत नाही. माझ्याबरोबर खड्ड्यात घालावं. आडवं.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचून पाहिले, माझ्या मनासारखे आहे.

सही: अज्वा कोनामा
ठिकाण: म्प्राएसो
दिनांक: १३ मे २०१९, सोमवार, माझा जन्मवार. वेळ अकरा वाजून पन्नास मिनिटे.

साक्षीदारांचे निवेदन: बाईंनी आम्हा दोघांच्या देखत, शुद्धीत राहून सही केली व त्यानंतर आम्ही सह्या केल्या. त्या काठी टेकत दारापर्यंत गेल्या. आम्ही त्यांना अडवले, त्यांनी ऐकले नाही. स्टूल रिकामे दिसत होते. तरी बसण्यापूर्वी त्या त्याकडे बघून "सरक" असे म्हणाल्या, आणि थोडा वेळ थांबून मग बसल्या.

१. य. ओसाफो, निवृत्त कोर्ट कारकून (सही)
२. एकुआ फ्रेमा, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)