माह्या नावावरचा ओव्हरटाईम

चाकण,
१२ मे २००४

तीर्थरूप नानाजी मामांस,

कैलासचा इथूनच वाकून नमस्कार. मामीचे गुडघे कसे आहेत? केळझरच्या गणपतीपुढं माह्या वाटचेही हात जोडजा, इथून जोडलेले पोचून नाई राह्यले. मी खुशाल आहो, खोलीवरचे आपल्याकडचे पोट्टे खुशाल आहेत, फक्त पंखा खुशाल नाई.

विशेष म्हणजे मामा, मी आयकर भरणारा माणूस झालो होतो. ('होतो' काऊन म्हटलं, ते पुढं येते.) आमच्या कारखान्यात आजवर ओव्हरटाईम म्हणजे सुपरवायझरची वही आन् शनिवारचं पाकीट. आता कंपनीले कोणं तरी सांगतलं का ओव्हरटाईमही पगारच, त्याचाही कर मोजून सरकारले कळवा लागते. म्हणून हिशेबाच्या सुलोचना मॅडमनं पगाराच्या सॉफ्टवेअरमधी त्याचं वेगळं खातं उघडलं. मी तिथं पाण्याची कॅन ठेवाले गेलतो, तो खांबासारखा उभाच राह्यलो. मॅडमनं दर दुप्पट लिहिला, 'करपात्र' समोरच्या चौकोनात खूण केली, एक बटन दाबलं, आन् बाप्पा! त्या मशीननं माह्या एका एप्रिलवरून मार्चपर्यंतचे सारे महिने पाहून घेतले, वर्षाची कमाई काढली, तिच्यावरचा कर काढला आन् त्यातला या महिन्याचा वाटा कापूनही टाकला. न केलेल्या कामाचा कर, मामा! आपल्या ज्योतिष्यानं मी दहावी पास होईन म्हटलं होतं, आन् मी दहावीच्या वर्गापर्यंत पोचलोच नाई. मशीन ज्योतिष्याच्या वर आहे.

पगाराच्या स्लिपवर ओव्हरटाईम मूळ पगारापेक्षा मोठा होता. पुलगावचे रूपराव म्हणालेच होते ना, पोराचा पगार कागदावर पाहीन तवाच पोरीचं, मोहिनीचं, लग्न पक्कं करीन? खोलीवरचा नत्थू सुटीवर गावाकडं निघाला होता, त्याच्याच हाती ती स्लिप तुमाले धाडली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनं बोलावलं. माह्या नावावर मशीननं लाल रेघ ओढली होती.

"कैलास, एप्रिलमध्ये तू झोपलास कधी?"

"रोजच झोपलो न, मॅडम."

"मशीन म्हणतंय, दिवसाचे तास संपले तरी तू कामावरच होतास."

आता काय लपवू? पेरणीले आपल्याकडं इर्जिक नाई का करत, सारे आपापल्या बैलजोड्या घेऊन एकाच्याच वावरात उतरतात आन् तो त्याइले जेवू घालते? तसं गुलाब, नत्थू आन् बाकी पोट्ट्याइनं आपला ओव्हरटाईम वहीत माह्या नावावर टाकला होता, माह्या लग्नासाठी. (जेवण म्हणून मी मटण केलं होतं. जरासं करपलं.) वहीनं कधी तक्रार केली नाई. मॅडम इतक्या हसल्या का चष्मा काढून ठेवा लागला. मंग म्हणाल्या, "अरे बाबा, ज्याची मेहनत त्याचं नाव, आणि कर असला तर तोही त्याचाच. आहेर मांडवात घ्यायचा, पगारात नाही." आन् ज्याचे तास त्याले वाटून दिले. माणूस असता तं चिडला असता. मशीननं निमूट सारं पहिल्यापासून मोजलं. माहा कर शून्य. एका दिवसाचा आयकरवाला मी, पण अजूनही त्या मशीनच्या खोलीपुढून जाताना चपला वाजू देत नाई.

मामीले नमस्कार, लहानाइले आशीर्वाद.

तुमचा भाचा,
कैलास

ता. क. सोबत खरी स्लिप आहे. ही तुमच्या पेटीत ठेवजा. रूपरावले नत्थूनं आणलेली मोठीच दाखवजा. खरं काय ते लग्नानंतर पाहू.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवत होतो तं खालच्या एसटीडीवाल्यानं हाक मारली. फोनवर मोहिनी! (नंबर नत्थूनं देल्ला असंन.) म्हणे, "तुमच्या मामानं स्लिप दाखवली. बाबा खूश आहेत, मी नाई. एवढा ओव्हरटाईम करता तं घरी कवा येता? जन्मभर गेटवर डबा घेऊन उभी राहू का मी?" रविवारी नकार कळवणार म्हणे. मी 'हॅलो' म्हणतो तवर तिनं फोन ठेवूनही देल्ला.

म्हणून मामा, वरचं सारं खोडलं असं समजा. पत्र भेटल्याबरोबर छोटी स्लिप घेऊन पुलगावची गाडी पकडजा. रूपरावच्या नाई, मोहिनीच्याच हातात देजा. तिले म्हणजा, ओव्हरटाईमच्या रकान्यावर बोट ठेव आन् पाहून घे, हा माणूस सांजच्याले घरीच असते.

पंखा मी आजच दुरुस्त करतो, सांजच्याले घरीच आहो न.