घरच्या फोनवर का केलात, नाना?

प्रिय नाना,

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. उद्या सकाळी दहा वाजता मला मेजरसाहेबांच्या टेबलावर चौकशीचा अहवाल ठेवायचा आहे, आणि त्यातला 'कारण' हा रकाना अजून कोरा आहे. चार वेळा लिहिला, चार वेळा फाडला. शेवटी म्हटलं, ज्यांच्याबद्दल लिहायचंय त्यांनाच आधी लिहू. खुशाली विचारायला हे पत्र नाही. मी तुमच्यावर चिडलेय, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्या हातून तो कागद काही पुरा होणार नाही.

घरच्या फोनवर का केलात?

छावणीत कोणालाही काही झालं की इमर्जन्सीचा फोन आपल्या कंट्रोल रूममध्ये वाजतो. आग, साप, अपघात, छातीत दुखणं, सगळं तिथेच. त्या लाइनवर समोरचा माणूस एक शब्द बोलला नाही तरी स्क्रीनवर क्वार्टरचा नंबर उमटतो. आणि कोपऱ्यातल्या टेबलावर दुसरा साधा फोन आहे, रजा मागायला, ड्यूटी बदलून घ्यायला. त्याला आपण सगळे 'घरचा फोन' म्हणतो. त्यावर नंबर दिसत नाही, बोलणं रेकॉर्ड होत नाही. हे मी तुम्हाला सांगतेय! एकतीस वर्षं त्या खोलीत काढलीत तुम्ही, त्यातली अकरा सुपरवायझरच्या खुर्चीवर.

त्या मंगळवारी अकराच्या सुमाराला तुमची लेक उज्ज्वला शाळेत शिकवत होती. निवृत्तीनंतर तुम्ही राहत होतात त्या तिच्या क्वार्टरमध्ये तुम्ही एकटेच. छातीत दुखायला लागलं असणार, घाम फुटला असणार, तुम्ही फोन हातात घेतलात. इथपर्यंत सगळं बरोबर केलंत. आणि मग नंबर लावलात तो घरच्या फोनचा.

ड्यूटीवरच्या रेखाने उचलला. फायरिंग रेंजच्या बाजूला वाळलेलं गवत पेटलं होतं, त्याचा कॉल तिच्या एका हातात. दुसऱ्या हातात एक बाई, तिचं मूल आत राहून दाराला कडी लागलेली. रेखा म्हणाली, "नाना, दोन कॉल चालू आहेत. काही अर्जंट होतं का?"

तुम्ही म्हणालात, "नाय गं, काही नाय. तुझं चालू दे."

काही नाय!

चाळीस मिनिटांनी शेजारच्या बाईंनी तुम्हाला पडलेलं पाहून इमर्जन्सीवर फोन केला. गाडी चार मिनिटांत पोचली. वेळ मी स्वतः तीनदा तपासली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी हातात मिळाले असते तर पुष्कळ काही करता आलं असतं. आणि मी कुठे होते? मेजरसाहेबांकडे, मीटिंगला. विषय होता, कंट्रोल रूमसाठी नवीन खुर्च्या.

त्याच दुपारी रेखा माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि हे सगळं सांगितलं. तिला कोणी विचारलं नव्हतं. ती गप्प बसली असती तर जगात कोणाला कळणार नव्हतं. कंत्राटावरची मुलगी, नवरा अंबडला एका कारखान्यात, तिथे कधी काम असतं कधी नसतं. पुढच्या महिन्यात तिचं कंत्राट संपतंय. तरी आली. आता तिच्या खरेपणाचं फळ काय, तर माझ्या अहवालात तिचं नाव.

मेजरसाहेब वाईट नाहीत हो. त्यांनी मला बसवून घेतलं, पाणी दिलं आणि समजावल्यासारखं सांगितलं की ऑपरेटरने पुढे काही विचारलं नाही एवढं तर खरं आहे, तेवढंच लिहा, प्रकरण मिटेल. आणि नानांचं नाव कशात यायला नको, फार मोठा माणूस होता. खोलीत तुमचा हार घातलेला फोटोही लागलाय. रेखा बसते तिथून समोरच दिसतो. परवा तिने विचारलं, मॅडम, मी दुसऱ्या टेबलावर बसू का?

नाना, माझं मनगट मोडलं होतं ते आठवतं का? गेटच्या आतल्या वळणावर वाळूवरून माझी स्कूटर घसरली आणि मी तिथूनच इमर्जन्सीला फोन केला. दुसऱ्या दिवशी हाताला प्लॅस्टर लावून रजेचा अर्ज द्यायला आले, तर सगळ्यांसमोर म्हणालात, "हात मोडला ना? तोंड तर शाबूत हाय? मग घरच्या फोनवर सांगायचं. त्याच टायमाला कोणाचं पोर टाकीत पडलं असतं, तर तुझ्यापायी लाइन अडली असती." सगळे हसले. मीही हसले. खरं सांगू? घरी जाऊन इंदिरानगरच्या त्या दोन खोल्यांत मी चांगली तासभर रडले होते. हाताच्या दुखण्याने नाही.

आणि मग काय केलं मी? तुमच्या खुर्चीत बसले आणि तीच गोष्ट प्रत्येक नव्या मुलीला सांगत सुटले. तुमचा आवाज काढून, 'लय' नि 'हाय'सकट. मोठ्या अभिमानाने सांगायचे, बघा, अशी शिस्त होती आमच्या नानांची. आपल्या माणसाने इमर्जन्सीची लाइन अडवायची नाही. रेखाला तर पहिल्याच दिवशी सांगितली. तीही हसली होती.

म्हणजे रेखाला काय शिकवलं आम्ही? की घरचा फोन वाजला म्हणजे घाईचं काही नसतं. ती तेवढंच शिकली आणि तेवढंच वागली. तिची चूक कुठली ते मला अठरा दिवसांत सापडलं नाही. चूक तुमची आहे, आणि ती माझ्या हातून पुढे गेली.

राग येतो, कारण तुम्ही कोरड्या मनाचे असतात तर सोपं होतं. त्या नव्या लग्नाच्या मुलीच्या न्हाणीघरात साप निघाला होता, तिला धड हिंदीही येत नव्हती आणि तुम्हाला तर त्याहून नाही. "डरनेका नाय बेटी, वो बी डरा हुवा हाय, उसको जानेको रस्ता दो," असं तुम्ही तिच्याशी सर्पमित्र पोचेपर्यंत फोनवर बोलत राहिलात. आम्ही तोंडाला रुमाल लावून हसत होतो. भीमजयंतीला माझी ड्यूटी मी न मागता स्वतःवर घ्यायचात आणि वर म्हणायचात की मला मिरवणुकीतला डीजे सोसत नाही, मी इथंच बरा. परक्या मुलीसाठी पाऊण तास होता तुमच्याकडे. स्वतःसाठी एक वाक्य नव्हतं? 'रेखा, छातीत दुखतंय.' तीन शब्द, नाना!

कधी कधी वाटतं, तुम्हाला तेव्हा माझं ते मोडलेलं मनगट आठवलं असेल. दुसऱ्याला जे ऐकवलं ते आपण कसं मोडायचं, असं वाटलं असेल. तुमचा स्वभाव तसाच होता, आणि म्हणून तर जास्तच संताप होतो.

परवा उज्ज्वला भेटली. शाळेतून परत येत होती, हातात वह्यांचा गठ्ठा. म्हणाली, "संगीताताई, बाबांनी कुणाला फोन केला होता का? ते फोनपाशीच पडलेले होते." मी म्हणाले, बघून सांगते. दिवसभर लोकांना नेमकं उत्तर द्यायचं हीच माझी नोकरी, आणि मी तिला 'बघून सांगते' म्हणाले. तेव्हापासून मी शाळेकडचा रस्ता टाळतेय.

मेजरसाहेबांचं ऐकलं तर सगळं सोपं आहे. तुमचा फोटो भिंतीवर राहील, माझी खुर्ची राहील आणि रेखा घरी जाईल. तुमचं नाव राखायचं म्हणजे त्या मुलीचा बळी द्यायचा. हे तुम्हाला चाललं असतं? मला नाही वाटत. पण चाललं असतं तरी मी देणार नाही.

हे लिहिता लिहिता रकाना भरला मी. वाचून दाखवते: 'आपल्या कर्मचाऱ्यांनी इमर्जन्सी लाइन वापरू नये, हा अलिखित नियम माजी सुपरवायझरांनी घालून दिला. सध्याच्या सुपरवायझर म्हणून मी तो न तपासता पुढे शिकवला. ऑपरेटरने शिकवल्याप्रमाणे काम केले.' खाली माझी सही. तुमचं नाव आलंय, नाना. रागावायचं तर रागवा. माझं नाव त्याखालीच आहे. खुर्ची जायची असेल तर जाईल.

आता संध्याकाळचे पाच वाजलेत. अहवालाआधी मी उज्ज्वलाकडे जाणार आहे. तिला हे कागदावरून कळता कामा नये. तुम्ही फोन केला होता, तो आम्ही उचलला होता आणि मधल्या चाळीस मिनिटांत आमच्यातलं कोणीच तुमच्याकडे आलं नाही, हे मी तिच्यासमोर बसून सांगेन. ती पुढे माझं तोंड पाहणार नाही कदाचित. तिला तो हक्क आहे.

आणि तुम्हाला शब्द देते. मी त्या खोलीत आहे तोवर घरच्या फोनवर आपलं माणूस बोललं, की आधी विचारायचं, कुठे आहात. मग विचारायचं, काय होतंय. आणि त्याने 'काही नाही' म्हटलं, तर गाडी काढायची.

तुमची,
संगीता