सासूबाईंचा बॅकअप

२७ सप्टेंबर २०२५, सकाळी ८
घरचा कॉम्प्युटर विंडोज दहावर. दहाचे अपडेट १४ ऑक्टोबरला बंद. अकरा मीच टाकणार. लेक अस्मिता गोरेगावहून येऊन करून देते म्हणाली. नम्र नकार. ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हाच्या कमिटीत मी होतो. कव्हरांचा रंग मीच ठरवला.
मृणालिनीला एकच काळजी, तिच्या आईचं रेकॉर्डिंग. सासूबाई जाण्याआधीच्या मे महिन्यात कोंबडी-वडे, बांगड्याचं तिखलं वगैरे सांगत दोन तास बोलल्या आहेत. आता तेवढा आवाजच उरलाय. बायकोला म्हटलं, माझ्यावर सोड.

२८ सप्टेंबर
मृणालिनी सकाळीच अस्मिताकडे गेली. सहज, म्हणे. मोठा पेनड्राइव्ह सापडत नाही. या घरात कुणाला शिस्त नाही.

१ ऑक्टोबर
मुलुंड स्टेशनजवळून नवा पेनड्राइव्ह आणला. बॅकअप झालासुद्धा! डेस्कटॉपवरची सगळी चित्रं उचलून त्यात टाकली. तीन सेकंद. ‘आईचा आवाज’ फक्त दोन केबी. लोक उगाच महागड्या हार्ड डिस्क घेतात. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण आहे. कॉपी झाल्याची खूण असावी.

२ ऑक्टोबर, दसरा
आज अकरा टाकायचा पक्का बेत होता. पण मृणालिनीने सीपीयूला हळदकुंकू लावून झेंडू वाहिला. पूजेतलं यंत्र त्या दिवशी चालवत नाहीत. परंपरेपुढे माझा नाइलाज. श्रीखंड. झोप.

९ ऑक्टोबर
झेंडू अजून सीपीयूवरच. घाई नको.

१३ ऑक्टोबर, दुपारी ३
निर्माल्य काढलं. नवीन विंडोज यायची तर आधी जुनं सगळं पुसलेलं बरं. कॉम्प्युटरने विचारलं, फायली ठेवू की सगळं काढू? मग खात्री आहे ना, असंही विचारलं. दोन्ही वेळा मी ठाम.

५.४०
कॉम्प्युटर चकाचक. अकरा मात्र बसत नाही. हे मशीन पात्र नाही म्हणतो. हे आधी तपासता येतं, असं आता कळलं.

६.१०
पेनड्राइव्ह लावला. ‘आईचा आवाज’ उघडेना. त्या बाणाचा अर्थ वेगळाच निघाला. पेनड्राइव्हवर आला तो फक्त पत्ता, आवाज कॉम्प्युटरातच राहिला होता. आणि कॉम्प्युटर मी पुसला. मृणालिनीला सांगितलं. ती गवार निवडत होती, निवडत राहिली. जबर धक्का बसला असावा.

१४ ऑक्टोबर, सकाळी ११
अस्मिता आली. तिच्या पर्समधून मोठा पेनड्राइव्ह निघाला. २८ तारखेपासून तिच्याकडेच. टीव्हीला लावला. तिखल्यात तिरफळं किती ते सांगता सांगता सासूबाई मध्येच म्हणाल्या, “ह्यां सगळां अस्मिताकडे देवन ठेव गो. जावय बरे आसत, पण तेंच्या हातात काय देव नको.”
दोघी हसल्या, मग रडल्या. मीही रडलो. फार दिवसांनी तो आवाज ऐकला.
पुन्हा लावावं म्हणून पेनड्राइव्हकडे हात नेला. मृणालिनीने तो काढून अस्मिताच्या पर्समध्ये ठेवला आणि माझ्या हातात कालची उरलेली गवार निवडायला दिली.