चेटकिणीची चूल

नान्सी, २ एप्रिल १९८६

ती. झेलीआत्यास सोलांजचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. गुडघ्याला मोहरीचा लेप लावतेस ते ठीक, पण डॉक्टरकडे जा. इकडे अजून बर्फ आहे आणि बाबा खिडकीशी बसून आपल्या रोकबेल गावाचा विषय काढतात. आई गेल्यापासून तर जास्तच. तिकडे आत्ता बदाम फुलून झडलेसुद्धा असतील, म्हणतात. डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, तेव्हा दिसतंय तोवर गाव एकदा बघायचंय त्यांना. आजीच्या मातीला आले होते तेवढंच शेवटचं, आणि तेही उशिरा पोचले होते.

म्हणून मी बेत केलाय. मे महिन्यात रात्रीच्या गाडीने नीसला उतरायचं, तुला घ्यायचं, खालच्या स्टेशनापासून गाढववाटेने हळूहळू वर चढायचं, समुद्र बघत कुठेतरी छान जेवायचं आणि संध्याकाळी तुझ्याकडे सूप प्यायला परत. एका दिवसाचं काम. वर जेवायला कुठे बरं आहे ते कळव.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
सोलांज

नीस, ८ एप्रिल

चि. सोलांजला आत्याचे अनेक आशीर्वाद.

बेत वाचला आणि मला मळमळलं. तू रोकबेल पोस्टकार्डात बघितलंयस, मी नाकाने बघते. दरवर्षी मृतांच्या दिवशी आईबापाची कबर घासायला जाते आणि नाकाला रुमाल लावून परत येते.

ज्या गोठ्यात आम्ही आणि शेळ्या एकत्र झोपलो, तिथे आता वासाच्या मेणबत्त्या विकतात. गल्लीच्या तोंडाशी पोरी उभ्या असतात, न विचारता मनगटावर अत्तर उडवतात. हॅम खाऊन माजलेली मांजरं पायऱ्यांवर ओकतात. लोक आइस्क्रीमचे हात देवळाच्या भिंतीला पुसतात. गावचं म्हणून एकच माणूस उरलंय, आमचा चुलतभाऊ गुस्तँ. तो लव्हेंडरच्या जुड्या विकतो, आणि त्या जुड्या कुठूनतरी ट्रकने येतात. एक गाढवही भाड्याने आणलंय. त्याला टोपी घालतात. मला त्या गाढवाची दया येते, माणसांची नाही.

त्यापेक्षा माझ्या दादाला समुद्रकाठच्या माँतोंला नेऊ. बाकावर बसू, लिंबं बघू. समुद्र तोच आहे. आणि यायचंच असेल तर डबा मी करते. वरच्या हॉटेलात पाऊल टाकायचं नाही.

चिडकी असले तरी तुझीच आहे, हे धरून चाल.
आत्या

नान्सी, १५ एप्रिल

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. खूप हसले. झेलीला लहानपणी दुधावरच्या सायीचीसुद्धा शिसारी यायची, म्हणाले. तेव्हा माँतों रद्द.

आणि तू रागावशील, पण वरच्या हॉटेलात मी फोन करून टेबल सांगून ठेवलंय. पर्यटन कचेरीने पत्रक पाठवलं, ते सोबत घातलंय. ‘चेटकिणीची चूल’. नाव गमतीदार आहे ना? त्यांच्या साबणावरही हेच चित्र असतं म्हणे. ही अनवाणी म्हातारी बघ, केस पिंजारलेले, हातात बादली. काय चेहरा आहे! नाक थोडंसं तुझ्यावर गेलंय, मारू नकोस. बाबांना अजून दाखवलं नाही, तिथेच गंमत होईल.

रागातली का होईना, दोन ओळींची वाट बघते.
सोलांज

नीस, १९ एप्रिल

चि. सोलांजला आशीर्वाद.

ते पत्रक मी चिमट्याने उचलून चुलीत घातलं.

नाक माझ्यासारखं असणारच. ती तुझी आजी आहे. बातिस्तीन बारेल, माझी आणि तुझ्या बापाची आई. आणि म्हातारी कसली? त्या दिवशी ती पंचेचाळीस वर्षांची होती.

मी शेजारी उभी होते म्हणून सांगते. छत्तीस साल, रविवार. देवळात मिस्सा आटपून आम्ही उतरत होतो. आईने इस्त्रीचा पांढरा ॲप्रन बांधला होता, पायात चांगले बूट होते. हौदाशी कुणी शहरी गृहस्थ कॅमेरा मांडून होता. त्याने गोड बोलून तिला थांबवलं. मग म्हणाला, बूट काढा. मग म्हणाला, रुमाल सोडा, केस जरा विस्कटा. मग हौदाखालचा चिखल उचलून त्याने स्वतःच्या हाताने तिच्या ॲप्रनला फासला. आईला शहरी माणसाला नाही म्हणता येत नसे. लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी बाई ती, सोलांज. तिच्या हातची चादर नीसच्या हॉटेलवाल्यांना न सांगता ओळखू यायची. घरी येऊन तिने तो ॲप्रन उकळला, वाळवला आणि परत उकळला. त्याबद्दल कधी बोलली नाही. पण पुढे हौदावर पाण्याला मलाच पाठवायची.

त्याने पोस्टकार्डं काढली. आता रेवेल नावाच्या हॉटेलवाल्याने तिची चेटकीण केली. भिंतीवर तीच, साबणावर तीच. लोक त्या साबणाने काय काय धुतात, त्याचा विचारच नको.

दादा तेव्हा तुमच्याकडे लोखंडाच्या कारखान्यात होता. त्याला यातलं काही ठाऊक नाही. कळू देऊ नकोस. गाडीची तिकिटं परत कर.

तुझ्यावर राग नाही, एवढं लक्षात ठेव.
आत्या

नान्सी, २८ एप्रिल

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी शाळेत दिवसभर मुलांवर खेकसत होते. मीच ‘काय चेहरा आहे’ म्हणाले होते ना.

पण बाबांपासून लपवणं मला जमलं नाही. पत्रक तू चुलीत घातलंस, दाखवायला काही नव्हतं, म्हणून तोंडी सांगितलं सगळं, बूट, चिखल, साबण. मला वाटलं आता संतापतील. त्यांनी एवढंच विचारलं की चेहरा स्पष्ट दिसतो का.

आत्या, त्यांच्याकडे आजीचा एकही फोटो नाही. हल्ली डोळे मिटले तरी तिचं तोंड नीट येत नाही, असं ते मला पहिल्यांदाच बोलले. तेव्हा ते येताहेत. धाकटीला गोवर निघालाय, मला हलता येणार नाही, म्हणून एकटेच. स्टेशनवर ये. आणि तिथे त्यांना सांभाळ, तुझी शिसारी जरा दाबून.

तुझ्या भरवशावर पाठवतेय.
सोलांज

नीस, १६ मे

चि. सोलांजला आशीर्वाद.

तुझा बाप सुखरूप आहे. उद्याच्या गाडीत बसवून देते. त्याच्याबरोबर सामान वाढलंय, त्याची ही हकीकत.

गाढववाट तो चढला. मधेमधे दगडावर बसून कुठला वाफा कुणाचा हे सांगत होता, आणि बहुतेक बरोबर सांगत होता. वर गेल्यावर अत्तरवाल्या पोरीने गाठलंच. देवळापर्यंत शिंकत आला. तरी हसत होता. मला त्याच्या हसण्याचीही शिसारी आली.

हॉटेलात आई भिंतीवर होती, लहानशा खिडकीएवढी. खाली टेबलं. एक माणूस तिच्या पायांशी शिंपले चोखत बसला होता. मी रेवेलला बोलावून सांगितलं की ही आमची आई, हिला नाव आहे. मला वाटलं ओशाळेल. मेला हरखला. टाळ्या वाजवून गिऱ्हाइकांना सांगायला लागला, आणि आम्हाला म्हणाला की तुम्ही दोघं चित्राखाली उभे राहा, फोटो काढतो, जेवण माझ्यातर्फे. असंही म्हणाला की आजोबांनी टोपी जरा वाकडी केली तर छान दिसेल.

माझ्या तोंडात थुंकी जमली होती. पण दादा गोड आवाजात म्हणाला की फोटो काढू की, फक्त आधी ते चित्र खाली घ्या, मला डोळ्यांनी कमी दिसतं. रेवेलने स्वतः खुर्चीवर चढून काढून दिलं. दादाने ते मांडीवर घेतलं. चेहऱ्यावरून बोट फिरवलं. मग उठला, चित्र काखेत मारलं आणि दाराबाहेर चालू लागला.

रेवेल गल्लीभर मागे येत होता, अगदी नम्रपणे. अत्तरवाल्या पोरी बाजूला झाल्या. शेवटी तो म्हणाला की पोलिसांना बोलवावं लागेल. दादा थांबला आणि म्हणाला, बोलवा. एका मुलाने आईला घरी नेलं अशी तक्रार लिहा. मी मागून गुस्तँच्या टेबलाला धक्का मारून सगळ्या जुड्या पाडल्या. त्याची गरज नव्हती, पण बरं वाटलं.

बसवाल्याने विचारलं, या बाईंचं तिकीट? दादाने तीन तिकिटं काढली.

तुझ्या बापाला जप.
आत्या

नान्सी, १० जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आजी बाबांच्या पलंगासमोर आहे. सकाळी भिंग घेऊन तिच्यासमोर बसतात. तुझ्या हनुवटीवरचा तीळ तिलाही होता हे त्यांना आत्ता सापडलं. रेवेलचा फोन आला होता, मी घाबरलेच. पण तक्रार नाही, उलट हसत होता, म्हणाला, तुमच्या वडिलांचे आभार माना. कशाचे ते कळलं नाही. नाताळला इकडे येशील ना? आजी आहे आता इथे.

येण्याचं नक्की कर, मगच रागाव.
सोलांज

नीस, ४ सप्टेंबर

चि. सोलांजला आशीर्वाद.

आभार कशाचे ते मला कळलं. परवा मुद्दाम वर गेले, पिशवीत कातरी घालून. चेटकिणीच्या चुलीबाहेर रांग होती. भिंतीवर नवं चित्र, आधीच्यापेक्षा मोठं. खाली पाटी, ‘चेटकीण बातिस्तीन बारेल. हिला तिच्या मुलाने भर जेवणातून पळवून नेलं.’ नाव गुस्तँने पुरवलं असणार. आमची अब्रूसुद्धा रेवेलने ताटात वाढली. रांगेतले लोक पाटी वाचून खिदळत होते. तेलाच्या बोटांनी चित्राला हात लावत होते. मी कातरीच्या टोकाने पाटीवरचा ‘चेटकीण’ हा शब्द खरवडून काढायला घेतला. रेवेल धावत आला, माझ्या तोंडाकडे बघून थांबला आणि स्वयंपाकघरात निघून गेला. खरवडून होईपर्यंत बाहेर आला नाही.

तेवढ्यात मागून एक जर्मन बाई उरलेलं वाचायला लागली. मोठ्याने, अडखळत. आईच्या नावाचा तिने असा चिवडा केला की माझी कातरी हातातच राहिली. मी वळून तिला म्हटलं, असं नाही. आणि म्हणून दाखवलं. ती पुन्हा चुकली. मी पुन्हा सांगितलं. जमेपर्यंत सोडलं नाही तिला.

आई गेल्यापासून त्या गावात ते नाव कुणी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं, सोलांज. थडग्यापाशी मीही मनातच घेते.

जमल्यावर ती बाई माझ्याकडे बघून हसेल असं वाटलं होतं. ती माझ्याकडे वळलीच नाही. चित्रासमोर सरळ उभी राहिली आणि आईला म्हणाली, बातिस्तीन बारेल. माफ करा.

साबण अजून विकतात. नाताळला येते.

इथे नाक मुरडलं, तरी तिथे मुरडणार नाही, असा लोभ ठेव.
आत्या