पास्त्याची पेज

खार, मुंबई
मंगळवार, ता. ९ मार्च १९८२

ती. आईस गणूचा जयभीम.

मी बरा हाय. दोन वेळ जेवतो, काळजी करू नको. ही चिठ्ठी धाकट्या ललीकडूनच वाचून घे, बाबांसमोर नको.

आमच्या बाईसाहेब इटलीहून पास्ता शिकून आल्यात. गव्हाच्या पोकळ नळ्या असतात. त्या उकडायच्या नि टोमॅटो, लाल मिरची, दुधाची साय यांच्या रश्श्यात घोळवायच्या. उकडल्यावर उरलेलं पाणी फेक म्हणतात. मला फेकवत नाय. आपल्या भाताच्या पेजेसारखंच दाट असतं, मी पिऊन घेतो.

रविवारी पाहुणे जेवायला बसले नि टोमॅटोच्या आंबटानं साय फाटली. घाईघाईत दोन पळ्या ती पेज ओतली, घोटली, नि रस्सा असा मिळून आला की पाहुण्यांनी ताटं पुसून खाल्लं. एकीनं विचारलं, काय घातलं रे? मी हसत हसत सांगून टाकलं.

बाईसाहेबांचा चेहरा उतरला. पाहुणे गेल्यावर म्हणाल्या, "फेकायचं पाणी माझ्या पाहुण्यांना वाढलंस? शनिवारपर्यंत खोली मोकळी कर."

तीन बंगल्यांवर विचारून आलो, कोण ठेवत नाय. आता कुठं जाऊ गो आये? महाडला कोणत्या तोंडानं येऊ? बाबांनी अख्ख्या वस्तीत सांगून ठेवलंय, गणू मोठ्या घरचा आचारी झाला. त्यांचा खोकला कसा हाय? शेळी व्याली का?

एवढं एकच कळव. ते फेकायचं पाणी होतं, तर आम्ही तीन पोरं कशावर वाढलो?

तुझाच,
गणू