घड्याळातली पावलं

ताई,

तू बाबांसाठी पाठवलेलं पावलं मोजणारं घड्याळ गेले दोन महिने माझ्या मनगटावर आहे.

अल्झायमरमध्ये रोजचं चालणं मेंदूला आधार देऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून सुरुवातीला मी बाबांना नेटाने चालवलं. पण ते मला शाळेतले कवायतीचे मास्तर समजायचे. "मास्तर, आज सुट्टी द्या. तुमच्या घरी कुणी म्हातारं नाही का?" मी सुट्टी देत गेलो. तुझ्या फोनवर आकडे दिसायला हवेत, म्हणून घड्याळ घालून एकटाच चालून यायचो. त्यांची दया आली की मलाच सुटका हवी होती, हे अजून ठरवता येत नाही.

आज ते आकडे पाहून डॉक्टर म्हणाले, "एवढं चालूनही घसरण थांबत नाही. आता उगाच दमवू नका त्यांना." फोनवर तू रडलीस. "आपण प्रयत्न तरी केले रे," म्हणालीस, आणि मी "हो" म्हणालो.

हे पत्र पाठवणार नाही. हे तू माझ्या तोंडूनच ऐकायला हवंस. सकाळी आधी डॉक्टरांना सांगतो, मग तुला फोन करतो. या आजारात दोन महिने म्हणजे किती, हे मात्र त्यांना विचारायची भीती वाटते.

तुझा,
धाकटा